मूठभर पेंड

पिशवीला भोक पडलं होतं, आणि ते पिशवीच्या मालकाआधी वसुमतीला दिसलं.

सिटी मार्केटहून के. आर. पुरमकडे निघालेली बस. ऑगस्टची ती दिवसभर न थांबणारी भुरभुर, ओढून घेतलेल्या खिडक्या, आत ओल्या छत्र्यांचा आणि कुणाच्या तरी वेणीतल्या शिळ्या मल्लिगेचा वास. दांड्याला टेकून एक उंच, चष्मेवाला तरुण उभा होता. नव्या बापानं बाळ धरावं तशी त्यानं एक फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. पिशवीच्या खालच्या कोपऱ्यातून पाण्याची बारीक धार त्याच्या शर्टावर उडत होती, आणि तो बिचारा मान वर करून बसच्या टपाकडे बघत होता. त्याला वाटत होतं टप गळतंय.

वसुमतीनं पुढे होऊन तो कोपरा चिमटीत धरला.

"अरे… आयला!" तो दचकला.

"मराठी का?" ती म्हणाली. "हलू नका. पिशवी फुटलीय. आधी पाणी जाईल, मग वरचा ऑक्सिजन जाईल, मग आतले सगळे जातील."

त्यानं खाली पाहिलं. आपला शर्ट, तिची बोटं, मग तिचा चेहरा. या क्रमानं पाहिलं आणि चेहऱ्यापाशी जरा जास्त थांबला.

"तुम्हाला कुठं उतरायचंय?" त्यानं भीत भीत विचारलं.

"पुरमच्या पुढे."

"मला पुरमलाच… म्हणजे अजून तासभर… तुम्ही असं धरून…"

"सोडू का?"

"नको! प्लीज."

"मग सुम्ने, गप उभे राहा." तिनं वाकून पिशवीत डोकावलं. पाण्यात काही दिसत नव्हतं. नीट पाहिलं तर काळ्या ठिपक्यांच्या शेकडो जोड्या इकडून तिकडे जात होत्या. "कोळंबी! गोड्या पाण्यातली. नुसते डोळेच दिसतेत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्याकडे मीनमरी असतेत. माशांची पिल्लं हो. माझ्या अप्पांची तळी आहेत. कटला, रोहू, मृगळ. कोळंबी मात्र नाही. अप्पांचा मिशावाल्यांवर विश्वास नाही."

"अप्पांना स्वतःला मिशा नाहीत वाटतं?"

"आहेत की. म्हणूनच."

तो हसला, पिशवी हलली, आणि तिनं डोळे वटारले. पुढचा तासभर दोघं एका हाताच्या अंतरावर उभे होते. खड्डा आला की दोघंही एकदम पिशवी सांभाळत, आणि मग दोघंही दुसरीकडे बघत. उतरताना तिची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. त्यानं ती पाहिली आणि आभार मानायचं सोडून म्हणाला, "ॲक्चुअली… मी तुमच्या अप्पांनाच शोधत आलोय, असं मला वाटतंय."

ही गोष्ट अशी हसत सुरू झाली म्हणून ती हसत संपेल, असं मात्र कुणी समजू नये.

त्याचं नाव शुभंकर. पुण्याचा. मत्स्यशास्त्र शिकलेला, आणि पुण्याच्याच एका संस्थेनं वर्षभरासाठी बंगळूरला धाडलेला. आनेकलच्या पलीकडे एक जुनं केरे होतं. केरे म्हणजे गावतलाव. तिथं मच्छीमारांच्या सोसायटीची तीस घरं त्या पाण्यावर जगत. त्या केऱ्यात कटला, रोहू आणि कोळंबी एकत्र वाढवायची, अशी संस्थेची योजना होती. बसमधली कोळंबी ही त्यातली पहिली, ऑफिसच्या टाकीत पाळून बघायची. कटला-रोहूचं बीज, म्हणजे पिल्लं, जवळपासच्याच कुणाकडून घ्यायचं होतं, आणि सगळ्यांनी येसाजीरावांचं नाव सांगितलं होतं.

येसाजीराव म्हणजे वसुमतीचे अप्पा. आपलं घराणं शहाजीराजांबरोबर बंगळुरात आलं असं ते सांगत. सोबत आणलेल्या तलवारीचं काय झालं असं विचारलं की विषय बदलत. तलवार नसली तरी नाव होतं. येसाजीरावांची मीनमरी मरत नाही, असं कोलारपासून आनेकलपर्यंत बोललं जाई, आणि ते नाव त्यांनी तीस वर्षं जपलं होतं. बायको गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. वसुमती पंचवीस वर्षांची झाली होती. बघायला आलेल्यांपैकी दोघांनी, मुलगी दिवसभर चिखलात उभी असते, एवढ्या कारणावरून नकार कळवला होता. तिनं तो मनाला लावून घेतला नाही असं ती म्हणायची. लावून घेतला होता.

शुभंकर बीज ठरवायला म्हणून आला आणि मग येतच राहिला. कधी पाण्याची परीक्षा करायला, कधी सुटलेला थर्मामीटर शोधायला. एकदा तर नुसता छत्री विसरली म्हणून आला. छत्री त्याच्या हातातच होती.

"तीन मासे एका तळ्यात, आणि भांडत कसे नाहीत?" एकदा बांधावर बसून त्यानं विचारलं. त्याला उत्तर ठाऊक होतं, पदवी त्याचीच होती. पण तिनं सांगितलेलं ऐकायला त्याला आवडे.

"कटला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. ज्याचं त्याचं जेवण वेगळं."

"तुम्ही कुठल्या पाण्यातल्या?"

"मी मृगळ. चिखलात तोंड."

"मी मग वरचा. नुसता दिसणारा."

"ते खरं," ती म्हणाली. "आणि सगळ्यात आधी जाळ्यात येणारा."

त्याचे कान लाल झाले. पावसाचे चार थेंब पाण्यावर पडले. मग त्यानं कोळंबीचा विषय काढला. ती कात टाकते तेव्हा दोन दिवस मऊ असते, सख्ख्या बहिणीही तिला खाऊन टाकतात, म्हणून तळ्यात फुटकी कौलं टाकायची, तिला लपायला.

"माणसांसाठी कुणी टाकत नाही ती कौलं," वसुमती म्हणाली. तिला असं काही बोलायचं नव्हतं. बोलून गेली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "मी टाकेन की."

एवढंच. पण त्या रात्री तिच्या भाकरी दोनदा करपल्या आणि अप्पांनी त्या मुकाट्यानं खाल्ल्या.

गणपतीच्या आधीच त्यानं तिला सगळं स्पष्ट सांगितलं होतं. योजना जमली तर संस्था बंगळूरचं ऑफिस कायम ठेवणार, आणि त्यालाही. फसली तर ऑफिस बंद आणि त्याची रवानगी नेल्लूरला, समुद्रकाठच्या वाघ्या कोळंबीच्या तळ्यांवर. "बेसिकली, त्या केऱ्यात मासे जगले तर मी इथं," तो म्हणाला. पुढचं वाक्य त्यानं गिळलं. पण तिला ते कळलं आणि तेव्हापासून तिचा जीव त्या माशांत अडकला.

आता उपासाचं सांगायला हवं.

बीज लांब न्यायचं असलं की त्याला आधी उपाशी ठेवतात. तळ्यात जाळीची चौकोनी पेटी बांधतात, तिला हापा म्हणतात. बोटाएवढी झालेली पिल्लं, म्हणजे बोटुकल्या, त्यात घालायच्या आणि एक दिवस काही खायला द्यायचं नाही. पोट रिकामं असलं की बंद पिशवीतलं पाणी घाण होत नाही. पोट भरलेलं असलं तर त्यांच्याच घाणीत त्या गुदमरतात. अप्पा याला उपास म्हणत, आणि तो देवाच्या उपासापेक्षा कडक पाळत. वसुमतीनं सातव्या वर्षी एकदा गुपचूप कोंडा टाकला होता, तेव्हा अप्पांनी तिलाही एक वेळ जेवू दिलं नव्हतं.

गुरुवारी बोटुकल्या हाप्यात घातल्या. शुक्रवारी टेम्पो यायचा होता. शुक्रवारी निरोप आला की टेम्पोचा पाटा तुटलाय, आता रविवारी सकाळी. शनिवारी उजाडताना वसुमती तळ्यावर गेली तेव्हा त्यांना उपाशी राहून दोन दिवस होत आले होते. तिच्या पावलांची चाहूल लागताच सगळ्या वर आल्या. हजारो इवली तोंडं पाण्याच्या वर उघडझाप करू लागली. काही जणी दुसरीच्या शेपटीला चावत होत्या. तिला बघवेना. याच बोटुकल्या केऱ्यात जायच्या होत्या, यांच्याच जगण्यावर त्याचं राहणं होतं, आणि या अशक्त होऊन गेल्या तर? रविवारपर्यंत अख्खा दिवस होता. आज दिलं तर उद्यापर्यंत पोट पुन्हा रिकामं होईल. हिशेब बरोबर होता. तिनं शेंगदाण्याची पेंड आणि कोंडा कालवला आणि मूठभर टाकला. मग आणखी एक मूठ. त्या तुटून पडल्या, आणि पाणी शांत झालं तेव्हा तिलाही पोट भरल्यासारखं वाटलं.

नऊ वाजता फाटकाशी टेम्पो वाजला.

शुभंकर उडी मारूनच उतरला. "दुसरा मिळाला! पुण्याचे साहेब आज रात्रीच्या गाडीनं परत चाललेत. त्यांच्या डोळ्यांदेखत बीज सोडलं की झालं. ते म्हणालेत, मी बघितलं की सही करतो." तो तिच्याजवळ आला. आवाज खाली गेला. "वसुमती… मी राहणार आहे बहुतेक."

तो इतका आनंदात होता की त्याच्या चष्म्यावर पावसाचं पाणी होतं आणि त्यानं ते पुसलंही नव्हतं. असा चेहरा समोर असताना उद्या या, असं कोण म्हणेल? तिनं पेंडीचा हात पदराला पुसला.

अप्पा ऑक्सिजनचं सिलिंडर ओढत आले. नेहमीप्रमाणे, सवयीनं, तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "उपास झाला ना गं?"

"झाला," वसुमती म्हणाली.

एका शब्दाचं खोटं. तिनं अप्पांशी बोललेलं पहिलंच.

बेळ्ळंदूरच्या केऱ्याची कोडी, म्हणजे सांडवा, भरून वाहत होती आणि रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं. टेम्पो तिथं पाच तास अडकला. एरवी काही बिघडलं नसतं, रिकाम्या पोटाच्या बोटुकल्या रात्रभराचा प्रवासही काढतात. संध्याकाळी बीज सोडलं तेव्हा साहेब बांधावर छत्रीखाली उभे होते. पिशव्या पाण्याच्या काठाशी, खाली उघडल्या गेल्या. वरून त्यांना एवढंच दिसलं की मासे पाण्यात गेले. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ते स्टेशनवर गेले. रविवारी सकाळी केऱ्याचा अर्धा काठ मेलेल्या बोटुकल्यांनी पांढरा झाला होता.

वसुमतीला हे सोमवारी कळलं. शुभंकर स्वतः सांगायला आला. त्यानं दाढी केली नव्हती.

"पाण्यात दोष होता," तो म्हणाला. "केऱ्याच्या. मी तसा रिपोर्ट लिहिलाय. बिजाचा काही संबंध नाही." तो हे अप्पांना सांगत होता, पण बघत होता तिच्याकडे. "ते केरे योजनेतून काढलं. संस्था होसकोटेला दुसरं घेतेय. मी… मी राहतोय इथंच."

वसुमती आत गेली आणि देव्हाऱ्यासमोर बसली. म्हणजे माझ्यामुळं नाही! पाणीच वाईट होतं. तो राहणार होता आणि तिचा काही दोष नव्हता. दोन दिवसांनी पहिल्यांदा तिला झोप लागली. आणि खोटं कशाला बोलायचं, झोपायच्या आधी तिनं आरशातही पाहिलं.

दहा दिवसांनी भीमसेन आला. सोसायटीचा तो म्हातारा प्रमुख, पाय फेंगडे, डोक्याला टॉवेल. त्यानं पिशवीतून एक बाटली काढून अप्पांच्या समोर ठेवली.

"आमच्या केऱ्याचं पाणी आहे," तो कन्नडमध्ये म्हणाला. मग टोपण काढून त्यानं ते सगळं गटागटा पिऊन टाकलं आणि तोंड पुसलं. "माझ्या आजोबांपासून आम्ही हेच पितोय. या पाण्यात विष आहे असं सरकारदरबारी लिहून गेलं, येसाजीअण्णा. आता कुणी बीज देत नाही. यंदा तीस घरांनी जाळी सुकत टाकलीत."

अप्पांनी रिकामी बाटली उचलून उजेडात धरली.

"अजून एक सांगतो, राग मानू नका. पिशव्या कापल्या तेव्हा आतलं पाणी गढूळ होतं. पेंडीचा वास येत होता. मी त्या चष्मेवाल्या साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, भीमसेनअण्णा, हे कुणाला बोलू नका."

"माझ्या तळ्यावर उपासाशिवाय बीज जात नाही," अप्पा ताठ होऊन म्हणाले.

दाराआड उभ्या असलेल्या वसुमतीनं हातातली तांब्याची लोटी खाली ठेवली.

त्याला माहीत होतं! पहिल्या क्षणापासून माहीत होतं.

ती तशीच निघाली. संस्थेचं ऑफिस के. आर. पुरमला, एका टायरवाल्याच्या वर दोन खोल्यांत होतं. जिना चढताना रबराचा जळका वास येत होता. शुभंकर खिडकीशी बसला होता. बाजूच्या काचेच्या टाकीत बसमधल्या त्या कोळंब्या होत्या, आता बोटाच्या पेराएवढ्या. तिला पाहून तो उठला, आणि तिचा चेहरा पाहून पुन्हा बसला.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"…हो."

"कधीपासून?"

"पहिली पिशवी उघडली तेव्हापासून. पाणी बघितलं आणि कळलं." तो टाकीकडे बघत होता. "अप्पा तर कधीच खाऊ घालणार नाहीत. दुसरं कोण राहिलं?"

"मग लिहिलं का नाही?"

"लिहिलं असतं तर अप्पांच्या तीस वर्षांच्या नावाचं काय झालं असतं? तुमचं काय झालं असतं? आणि मी नेल्लूरला. मला इथं राहायचं होतं."

"माझ्यासाठी?"

"नाही. के. आर. पुरमच्या ट्रॅफिकसाठी."

तिला हसू आलं. त्या हसण्याचंच कधी रडं झालं ते तिला कळलं नाही. तो उठून दोन पावलं आला आणि थांबला. रुमाल पुढे केला. तिनं घेतला नाही.

"ऐका," ती म्हणाली. "पेंड टाकली ती त्यांचे हाल बघवेनात म्हणून. ती चूक होती, पण मला तिची एवढी लाज नाही वाटत. लाज वाटतेय ती नंतरची. तुम्ही आलात, म्हणालात मी राहणार… आणि अप्पांनी विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले. एक दिवस थांबा म्हटलं असतं तर साहेब गेले असते. मग तुम्हीपण गेला असता. मला तुम्ही जायला नको होता. बस्स. एवढ्यासाठी."

खालच्या दुकानात कुणीतरी टायर आपटला.

"मी तुम्हाला हे वेगळ्या तऱ्हेनं विचारणार होतो," तो अखेर म्हणाला. "एखाद्या चांगल्या ठिकाणी. कब्बन पार्कला वगैरे."

"आता इथंच झालं."

"म्हणजे तुम्हाला पण…"

"अय्यो, अजून कसं सांगू?" ती डोळे पुसत म्हणाली. मग मान वर करून नीट त्याच्याकडे बघितलं. "पण आज भीमसेनअण्णा आमच्या पडवीत बाटलीभर पाणी पिऊन गेले. म्हातारा माणूस. सिद्ध करायला. तुम्ही मला वाचवलंत, आणि तीस घरं बुडवलीत."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं खुर्ची ओढली. "तिलापिया माहितेय ना तुम्हाला? धोका दिसला की मादी पिल्लं तोंडात घेते आणि तोंड बंद ठेवते, दिवसेंदिवस. मला वाटलं, मी तसंच काहीतरी…"

"ती स्वतः उपाशी राहते. दुसऱ्याला नाही ठेवत."

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नवा रिपोर्ट लिहा," ती म्हणाली. "खरा. बीज भरल्या पोटी गेलं, वसुमतीनं खाऊ घातलं, पाण्यात काही दोष नाही."

"लिहिलं तर काय होईल कळतंय ना? पहिला खोटा लिहिला म्हणून मला इथं ठेवणार नाहीत."

"कळतंय," ती म्हणाली. "म्हणून तर रडतेय. लिहा."

त्यानं लिहिलं. ती समोर बसून राहिली. मध्येच त्यानं पेन थांबवून विचारलं, "तुमचं नाव नको घालू का?" तिनं मानेनंच सांगितलं, घाला.

अप्पांना सांगणं त्याहून अवघड गेलं. संध्याकाळी ते हाप्याच्या दोऱ्या तपासत होते. तिनं सगळं सांगितलं, एका दमात. अप्पा दोरीची गाठ सोडत राहिले, सुटलेली गाठ पुन्हा बांधत राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी तुला उपास शिकवला," ते गाठीकडे बघत म्हणाले. "खोटं कुणी शिकवलं?"

आणि घरात निघून गेले. त्या रात्री बापलेक दोघंही जेवली नाहीत.

आनेकलचं केरे योजनेत परत आलं. बीज दुसरीकडून मागवलं गेलं, आणि ते जगलं. येसाजीरावांची तीन जुनी गिऱ्हाइकं त्या हंगामात फिरकली नाहीत. होसकोट्याच्या बाजारात कुणी अप्पांना हसत विचारलं, काय अण्णा, मीनमरीला जेवण कोण वाढतं तुमच्याकडे? अप्पा तेही ऐकून आले आणि घरी काही बोलले नाहीत, वसुमतीला ते दुसऱ्याकडून कळलं. शुभंकरला नेल्लूरचा हुकूम आला. नवा माणूस ताबा घ्यायला येईपर्यंत आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत तो एकदाच तळ्यावर आला. अप्पांच्या पाया पडला. अप्पांनी हात वर उचलला, अर्ध्यावर थांबवला, आणि मग त्याच्या डोक्यावर ठेवला.

"वसू, स्टेशनपर्यंत जाऊन ये," ते म्हणाले. महिन्याभरात तिच्याशी बोललेलं ते त्यांचं सगळ्यात लांब वाक्य होतं.

के. आर. पुरमला मद्रासची गाडी दोनच मिनिटं थांबते. आभाळ खाली आलं होतं, फलाटाच्या टोकाला धूर आणि पाऊस वेगळा दिसत नव्हता. शुभंकरनं बॅग आत टाकली आणि तो दारात उभा राहिला.

"अप्पांना विचारू का?" तो म्हणाला. "आत्ता नाही. पण… विचारू का?"

"आत्ता नको. माझ्यामुळं त्यांचं नाव गेलं."

"मग चला ना तिकडे. नेल्लूरला पण तळी आहेत."

"आणि त्यांना इथं एकट्याला ठेवू? मी बुडवलंय ते. वर काढल्याशिवाय मी कुठं जात नाही."

"किती दिवस?"

"एक हंगाम. नाही तर दोन. लोक मेलेले मासे विसरतेत. खोटं नाही विसरत लवकर."

"मी थांबेन," तो म्हणाला.

तिनं रिक्षात बसल्यापासून एक वाक्य तयार केलं होतं. माझ्यासाठी थांबू नका, पुण्याला घरचे बघतील तिच्याशी लग्न करा, सुखी राहा. चांगलं वाक्य होतं. दोनदा म्हणूनही पाहिलं होतं, आवाज न कापता. गाडीनं शिटी दिली. डबा हळूच हलला.

"बोला ना काहीतरी," तो म्हणाला.

ती डब्याबरोबर चालू लागली. "थांबू नका असं सांगायला आले होते."

"मग?"

"पण ते खोटं आहे."

गाडीचा वेग वाढला. तिला आता जवळजवळ पळावं लागत होतं, चपलेत पाणी गेलं होतं, आणि फलाटावरचे लोक बघत होते.

"थांबा!" ती ओरडली. "दोन हंगाम थांबा! थांबाच हं!"

एका हमालाला वाटलं हिची गाडी चुकली, त्यानं हळहळून मान हलवली. दारातल्या शुभंकरनं हात वर केला. त्याला ऐकू गेलं होतं. शेवटचा डबा सिग्नलपलीकडे गेला तरी ती फलाटाच्या टोकाशी उभी होती, मोठ्यानं रडत, कुणी बघतंय याची पर्वा न करता. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुढच्या बसनं अप्पांकडे परत गेली.